जवळ असण्याचे काम

गेल्या हिवाळ्यात डेक्कनजवळच्या एका सभागृहात आमच्या बाईंचे व्याख्यान होते. बाई तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापिका. निवृत्त होऊन काही वर्षे झाली, तरी पर्यावरण आणि स्त्रीवाद या विषयावरचे त्यांचे लेखन अजून चालू आहे, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांसाठी त्या आजही नुसत्या ‘बाई’च आहेत. प्रास्ताविक करणारे गृहस्थ अभ्यासू होते. त्यांनी बाईंचे लेख वाचून टिपणे काढली होती आणि त्यांच्या बोलण्यात मनापासूनचा आदर होता. त्या आदराच्या भरात ते म्हणाले, “स्त्री मुळातच निसर्गाच्या जवळ असते. ती जन्म देते, जोपासते, सोसते. तेव्हा बाईंसारख्या विदुषीने पर्यावरणाचे तत्त्वज्ञान हा विषय निवडावा, हे किती स्वाभाविक आहे!” सभागृहात टाळ्या वाजल्या. पुढच्या रांगांमधल्या बायकांनी तर जरा जास्तच वाजवल्या. बाई उठल्या, त्यांनी चष्मा पुसला, आभार मानले आणि म्हणाल्या, “आज मी दुसरेच बोलणार होते. पण आत्ता ज्या वाक्याला टाळ्या मिळाल्या, त्या वाक्याशी मी जन्मभर भांडत आले आहे. तेव्हा तिथूनच सुरुवात करते.”

व्याख्यान उत्तम झाले. ते वाक्य मात्र माझ्या मनातून जाईना.

जाईना, कारण ते मला सर्वस्वी खोटे वाटत नव्हते. माझी आजी भोर तालुक्यातल्या डोंगरउतारावरच्या एका गावात राहायची. पाऊस लागला की कोणत्या बांधावर आधी टाकळा उगवतो, भारंगीची पाने किती कोवळी असताना खुडायची, चाईचा कोंब कोणत्या झुडपाच्या आडोशाला सापडतो, हे सारे ती जन्मतःच जाणत असावी असे आम्हां नातवंडांना वाटायचे. दिवेलागणीनंतर ती झाडाचे पान तोडू द्यायची नाही. झाड निजले, म्हणायची. उन्हाळ्याच्या शेवटी शेण, पालापाचोळा आणि डहाळ्यांचे थर रचून ती भाताचा राब भाजायची, आणि पहिली सर आली की त्या जळक्या मातीचा जो वास उठायचा तो मला आजही नेमका आठवतो. पण आजीचा म्हणून जो वास माझ्या डोक्यात पक्का बसला आहे तो धुराचा. तिच्या लुगड्याला, केसांना, गोधडीला, तिने दिलेल्या खाऊच्या कागदालासुद्धा धूर यायचा. ओले सरपण पेटत नसले की ती फुंकणी घेऊन चुलीपुढे वाकायची आणि उठायची तेव्हा डोळे लाल झालेले असायचे. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भारा, असे वर्षानुवर्षे उतरून तिची मान शेवटी एका बाजूला कलली होती. एकदा ती म्हणाली होती, “रान जवळ होतं तवा बरं होतं. आता लांब गेलंय.” गावाच्या वरच्या अंगाचे झाड तुटत गेले होते आणि भाऱ्यासाठी आणखी वर चढावे लागत होते. आजी निसर्गाच्या जवळ होती हे खरे, आणि ही जवळीक तिला कोणी विचारून दिलेली नव्हती हेही तितकेच खरे. पहिल्याच गोष्टीला टाळ्या का मिळाल्या, हा प्रश्न त्या संध्याकाळनंतर माझ्या मागे लागला, आणि त्या निमित्ताने मी बाईंचे जुने लेख आणि माझ्या वर्गातल्या वह्या पुन्हा काढून बसले.

वहीच्या पहिल्याच पानावर १९७४ हा आकडा ठळक अक्षरांत आहे. हा अभ्यासक्रम सुरू करताना बाई फळ्यावर एवढेच लिहीत. त्या वर्षी फ्रान्समध्ये लेखिका फ्रान्स्वाझ दोबोन यांनी ‘इकोफेमिनिझम’ म्हणजे पर्यावरणीय स्त्रीवाद ही संज्ञा पहिल्यांदा वापरली. त्याच वर्षी अमेरिकेत मानववंशशास्त्रज्ञ शेरी ऑर्टनर यांचा गाजलेला निबंध पुस्तकात आला. समाज स्त्रीला निसर्गाच्या जवळची मानतात आणि निसर्गाला संस्कृतीपेक्षा खालचे मानतात, म्हणून स्त्री खालची ठरते, अशी त्यांची मांडणी होती. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात गढवालमधल्या रेणी गावात गौरा देवी आणि त्यांच्यासोबतच्या बायका झाडे तोडायला आलेल्यांच्या आड उभ्या राहिल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस भारतातल्या स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या समितीचा अहवाल तयार झाला. आणि त्याच वर्षी इथे पुण्यात दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान-महाकोश प्रकाशित झाला, ज्यात यांतल्या कशाचीही नोंद असणे शक्य नव्हते. या पाच ठिकाणच्या माणसांना एकमेकांची खबर नव्हती, आणि त्यांना एका खोलीत बसवून बोलायला लावणे हेच आपले काम आहे, असे बाई म्हणत. रेणीच्या बायकांना आपण तत्त्वज्ञान करतो आहोत असे वाटले नसेल. पण जंगल कशासाठी असते, त्यावर हक्क कोणाचा आणि त्याचे मोल कोणी ठरवायचे, हे तिन्ही प्रश्न त्यांनी एका सकाळी उभे केले होते, आणि तत्त्वज्ञानाच्या वर्गात या तिन्हींसाठी जागा असायला हवी, हा बाईंचा आग्रह होता.

तो आग्रह सहज मान्य झाला नाही. एका परिषदेत त्यांचा निबंध संपल्यावर एका ज्येष्ठ अभ्यासकांनी, हे समाजशास्त्र आहे, तत्त्वज्ञान कुठे आहे, असे विचारले होते. मी तेव्हा मागच्या बाकावर होते. बाईंनी त्यावर वाद घातला नाही. निसर्ग आणि मन यांचे नाते हा तत्त्वज्ञानाचा विषय असेल, तर त्या नात्यात घराच्या कोणत्या भागातून कोणते माणूस वजा केले गेले हाही त्याच विषयाचा भाग आहे, एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळल्या. ‘हे तत्त्वज्ञान नाही’ असे म्हणून विषय बाहेर ठेवणे आणि ‘हे बायकांना स्वाभाविकच आहे’ असे म्हणून त्याची आरती करणे, या दोहोंत बाईंची अनेक वर्षांची मेहनत सारखीच नाहीशी होते. जी गोष्ट स्वाभाविक ठरते तिच्यासाठी कोणी रात्री जागून वाचले, खोडले, पुन्हा लिहिले असेल हे ऐकणाऱ्याच्या मनातही येत नाही.

या नाहीसे होण्याला बाईंनी ज्यांच्याकडून नेमके रूप घेतले त्या ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ व्हॅल प्लमवुड. त्यांचे मुख्य पुस्तक १९९३ सालचे. पाश्चात्त्य विचारात जोड्या लावलेल्या दिसतात: विवेक आणि भावना, मन आणि शरीर, संस्कृती आणि निसर्ग, पुरुष आणि स्त्री, मालक आणि गुलाम. जोड्या लावण्यात प्लमवुड यांना वावगे वाटत नाही. फरक तर असतातच. प्रत्येक जोडीतला पहिला दुसऱ्यावर पूर्णपणे अवलंबून असतो आणि ते अवलंबित्व नाकारूनच स्वतःला पहिला म्हणवतो, हे त्यांना दाखवायचे आहे. दुसऱ्याचे काम पार्श्वभूमीत ढकलले जाते. ते चालू असते तोवर दिसत नाही आणि थांबले की त्याला संकट म्हणतात. बाई हे समजावताना व्याख्या सांगत नसत. आज सकाळी उठल्यापासून या बाकावर येऊन बसेपर्यंत तुम्ही कोणाकोणावर आणि कशाकशावर अवलंबून होतात ते लिहा, म्हणत. पहिल्या फेरीत बस, रिक्षा, मेस एवढेच यायचे. दुसऱ्या फेरीत मेसमधल्या पोळ्या लाटणाऱ्या मावशी यायच्या. तिसऱ्या फेरीत कोणीतरी आंघोळीचे पाणी लिहायचे, आणि मग बाई विचारत, “ते कुठून आलं?” खडकवासल्याहून, असे उत्तर आले की त्या फळ्यावर पानशेत आणि वरसगाव लिहीत आणि धरणाखाली गेलेल्या गावांतला कोणी वर्गात आहे का, असे विचारत. बहुतेक वर्षी एखादा हात वर व्हायचा. आमच्या वेळी तो हात माझ्याच शेजारच्या मुलीचा होता, आणि आम्ही दोन वर्षे एका बाकावर बसूनही मला ते ठाऊक नव्हते.

प्लमवुड यांच्या आयुष्यातला एक प्रसंग बाई दरवर्षी सांगत. १९८५ च्या फेब्रुवारीत त्या उत्तर ऑस्ट्रेलियातल्या काकाडूच्या दलदलीत एकट्या होडीतून फिरत असताना मगरीने त्यांना पकडले आणि तीनदा पाण्याखाली लोळवले. त्या सुटल्या, जखमी पायाने सरपटत निघाल्या आणि वाचल्या. त्या मगरीला शोधून मारण्याची भाषा झाली तेव्हा त्यांनी विरोध केला; आपण तिच्या हद्दीत गेलो होतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्यांनी लिहिले ते मुख्यतः एका जाणिवेविषयी: आपणही कोणाचे तरी खाद्य आहोत, ही गोष्ट त्या क्षणापर्यंत त्यांना खरी वाटली नव्हती. मला या प्रसंगाची भीती वाटायची आणि आजही वाटते. पण निसर्ग म्हणजे जोपासणारी आई, या प्रतिमेत ती मगर कुठे बसवायची, हा बाईंचा प्रश्न त्या भीतीमुळेच माझ्यापर्यंत पोहोचला. निसर्गाशी जवळीक म्हणजे केवळ माया नसते. तिच्यात साप असतो, पूर असतो, बाळंतपणात गेलेली बाई असते. आजीने रानाला कधी आई म्हटल्याचे मला आठवत नाही. ती रानाला रान म्हणायची आणि संध्याकाळ व्हायच्या आत परत यायची.

बाईंचे स्वतःचे असे जे काम आहे, आणि जे मला सर्वांत मोलाचे वाटते, ते सांख्यदर्शनावरचे. पाश्चात्त्य चौकट उचलून भारतीय ग्रंथांवर बसवणे त्यांना मान्य नव्हते. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने एका बाजूला मन आणि दुसऱ्या बाजूला जड सृष्टी ठेवली. सांख्यांत तसे नाही. तिथे बुद्धी, अहंकार आणि मन हे सगळे प्रकृतीचे, म्हणजे सृष्टीच्या मूळ तत्त्वाचेच परिणाम आहेत. विचार करण्याचे कामसुद्धा प्रकृतीच करते. पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, केवळ साक्षी आहे; तो पाहतो, करत काहीच नाही. म्हणजे निसर्ग मुका आणि मन बोलके, ही वाटणी इथे लागू पडत नाही, आणि तरीही ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिका’ या ग्रंथातल्या साठाव्या कारिकेत, म्हणजे श्लोकात, येते: ‘नानाविधैरुपायैरुपकारिण्यनुपकारिणः पुंसः’. नाना उपायांनी उपकार करणारी ती, आणि उलट काहीही न करणारा तो. त्याच्यासाठी ती स्वतःचा कोणताही लाभ नसताना राबते. बाईंच्या घरी त्यांच्या टेबलावर पोथीच्या आकाराची एक जुनी प्रत असायची. तिच्या या पानाच्या समासात पेन्सिलने इतक्यांदा लिहून खोडलेले होते की कागद तिथे मऊ पडला होता. भाष्यकार या ओळीवरून सहज पुढे जातात. बाई तिथे थांबल्या. त्यापुढच्या बासष्टाव्या कारिकेत तर असे म्हटले आहे की पुरुष मुळी बांधलाही जात नाही आणि सुटतही नाही. बांधली जाते, फिरते आणि मुक्त होते ती प्रकृतीच. मग मोक्षाचे सगळे श्रमही तिचेच, आणि मोक्ष मात्र त्याचा म्हणून सांगितला जातो. बाई यावरून सांख्यांना दोषी ठरवत नाहीत. उलट त्यांचे म्हणणे असे की या दर्शनाने अवलंबित्व लपवलेले नाही, ते स्पष्ट शब्दांत नोंदवून ठेवले आहे. ही कथा प्रकृतीच्या बाजूने पुन्हा वाचायची तर ग्रंथाबाहेर जाण्याची गरज नाही. हा त्यांचा निबंध वाचताना मला पहिल्यांदा कळले की जुन्या ग्रंथाशी भांडणे आणि त्याच्यावर प्रेम करणे एकाच वेळी शक्य आहे.

आई या प्रतिमेविषयी त्या जास्त कठोर आहेत. कॅरोलिन मर्चंट या इतिहासकारांनी १९८० मध्ये असे दाखवले होते की युरोपात पृथ्वीला जिवंत माता मानले जात होते तोवर तिचे पोट खणण्याविषयी काहीएक संकोच होता; सृष्टी म्हणजे यंत्र असे ठरल्यावर तो उरला नाही. हे वाचून आपल्याकडच्या वाचकाला वाटते की आपण तर नदीला आजही माता म्हणतो, म्हणजे आपण वाचलो. बाई अशा वेळी उन्हाळ्यात बंडगार्डनच्या पुलावर जाऊन उभे राहायला सांगत. जलपर्णीचा हिरवा थर, त्याखालचे काळे पाणी आणि नाकात शिरून घरापर्यंत सोबत येणारा सांडपाण्याचा वास. मुळा-मुठेला माता म्हणणारे शहर आपले मैलापाणी तिच्यात सोडते आणि त्यात त्याला विसंगती दिसत नाही, कारण आईने सगळे पोटात घालायचे असते, हे घरात आधीच ठरलेले असते. देवरायांचेही तसेच. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा जो अभ्यास केला त्यामुळे या राखलेल्या रानांचे मोल सगळ्यांना कळले. कितीतरी देवराया देवीच्या आहेत. पण काही देवरायांत विटाळाच्या बाईने पाऊल टाकायचे नसते. रान राखले गेले हे चांगलेच झाले आणि त्याबद्दल बाईंच्या मनात कृतज्ञता आहे. देवी स्त्री असण्याचा तिच्या दाराशी थांबलेल्या स्त्रीला काय उपयोग, हे मात्र त्या विचारत राहतात. २०२३ च्या उन्हाळ्यात नदीकाठच्या झाडांसाठी पुणेकरांनी रेणीच्या बायकांच्या चिपको आंदोलनाचे नाव घेऊन मोर्चा काढला तेव्हा बाई गुडघे दुखत असतानाही गेल्या होत्या. मोर्चातल्या एका मुलीच्या हातात ‘नदी आपली आई’ असा फलक होता. बाई तिच्याशी बराच वेळ बोलत चालल्या. काय बोलल्या ते मी विचारले नाही. वाहनांच्या आवाजात मला फक्त त्या मुलीचे “पण मॅडम…” एवढेच ऐकू आले.

चिपकोचा अर्थ काय, यावर आपल्या देशातल्या दोन विदुषींचा मतभेद बाई फार आस्थेने शिकवत. पर्यावरणवादी वंदना शिवा यांनी १९८८ मध्ये मांडले की पाश्चात्त्य विकासाने निसर्ग आणि स्त्री या दोघांवर एकाच पद्धतीने हिंसा केली, आणि जगण्याचे ज्ञान ग्रामीण स्त्रीकडे आहे. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी १९९२ मध्ये त्याला उत्तर दिले. स्त्रियांचा निसर्गाशी संबंध त्यांच्या स्त्रीत्वातून येत नाही. सरपण कोणी आणायचे, चारा कोणी कापायचा, पाणी कोणी भरायचे आणि जमीन कोणाच्या नावावर असायची, या वाटणीतून तो येतो, आणि म्हणून वर्ग, जात, प्रदेश यांनुसार तो बदलतो. मी विद्यार्थिनी असताना शिवांची बाजू मला जवळची वाटायची, कारण तिच्यात आजीचा मान होता. आता मी अगरवालांच्या बाजूला अधिक झुकते, तेही आजीमुळेच. ज्या खाचरासाठी ती राब भाजत होती त्याच्या सातबाऱ्यावर तिचे नाव कधीच नव्हते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर करा असे गावोगाव सांगितले; १९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत वाटा देणारी दुरुस्तीही केली. आजीच्या वस्तीपर्यंत यातले काही पोहोचले नाही. भाजीचा कोंब ओळखणारी नजर आणि धुराने गेलेली नजर एकाच बाईची होती, आणि पहिलीचे कौतुक करताना दुसरीविषयी बोलायचे नाही असा जणू संकेतच आहे.

याच मुद्द्यावर बाईंचे लेखन पुण्याच्या रस्त्यावर उतरते, आणि इथे तो विषय केवळ स्त्रीचा राहत नाही. सकाळी आमच्या सोसायटीच्या फाटकाशी ज्या ताई कचरा घ्यायला येतात त्या ओला आणि सुका कचरा आमच्यापेक्षा अचूक ओळखतात. दुधाच्या पिशवीचे आणि बिस्किटाच्या पुड्याचे प्लॅस्टिक त्या हाताच्या स्पर्शाने वेगळे करतात; कोणत्याला भाव येतो आणि कोणते कोणीच घेत नाही हे त्यांच्या बोटांना ठाऊक असते. ओल्या कचऱ्यात कागदात न गुंडाळता टाकलेला सॅनिटरी पॅड त्या बाजूला काढतात आणि काही न बोलता दुसऱ्या पिशवीत ठेवतात. शहर ज्याच्यापासून तोंड फिरवते त्या निसर्गाच्या सर्वांत जवळ याच बायका असतात, आणि त्यांतल्या बहुसंख्य दलित आहेत. त्यांच्या जवळिकीला कोणत्याही सभागृहात स्वाभाविक म्हणून टाळ्या मिळत नाहीत, आणि तरी ती स्वाभाविक आहे असेच सगळे वागतात. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली आणि कचरावेचक बायकांनी आम्ही कामगार आहोत, आम्हाला ओळखपत्र हवे, असे म्हटले. २००८ मध्ये महापालिकेशी करार करून ‘स्वच्छ’ ही त्यांचीच सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करू लागली. बाईंच्या मते पार्श्वभूमीतून पुढे येण्याची याहून चांगली घटना कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे पुणे विद्यापीठात शिकवत आणि दलित स्त्रियांचे म्हणणे वेगळे का आहे हे मांडत, तेव्हा बाई त्यांच्या चर्चांना श्रोत्यांत बसत आणि मग घरी येऊन आपली आधीची प्रकरणे पुन्हा लिहीत. ‘स्त्री’ असा एकवचनी शब्द त्यांच्या नंतरच्या लेखांत जवळजवळ येतच नाही. आपल्याकडच्या पर्यावरणविचाराची सुरुवात कुठून करायची, याचे त्यांचे उत्तरही त्यानंतर बदलले. आता त्या १८६८ सालापासून सुरुवात करतात, जेव्हा जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आणि तिथून २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यापाशी येतात. पाणी सगळ्यांचे असते, असे म्हणणाऱ्या देशात ते ओंजळीत घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे विसरून निसर्गाविषयी काहीही लिहिता येत नाही, असे त्यांचे ठाम मत आहे. माझेही.

ज्ञान कोणाचे मानायचे, हा प्रश्न या सगळ्याच्या तळाशी आहे. मुळशी-मावळाच्या भागातून गी पॉइटेव्हिन आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांसोबत बसून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरले आणि ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. बाईंनी त्या ओव्यांतल्या सीतेवर लिहिले आहे. वनवासातली सीता जात्यावरच्या बायकांना आपली वाटते, तिचे बाळंतपण रानात होते, रान तिला सांभाळते, आणि तरी ओवी तिच्या दुःखाचा हिशेब चुकता करून मागते. पहाटेच्या अंधारात, हात खुंट्यावर आणि पीठ पाळूवर पडत असताना जे रचले गेले त्यात युक्तिवाद आहे, असे बाई दाखवून देतात. तो सभागृहातल्या युक्तिवादासारखा नाही, पण त्याला पूर्वपक्ष आहे, आक्षेप आहे आणि निष्कर्ष न काढता थांबण्याचा धीर आहे. हे वाचताना माझ्या मनात एक शंका येत राहते. आपण ओवीला तत्त्वज्ञान म्हणून मान दिला की जाते ओढण्याचे कष्ट पुन्हा सुंदर दिसू लागतील का? गिरणी आली तेव्हा बायकांना किती हायसे वाटले, हे मी आजीच्या तोंडून ऐकले आहे. ओव्या थांबल्याची हळहळ तिला नव्हती. ती आम्हांला वाटते. बाईंना मी ही शंका बोलून दाखवली तेव्हा, “हळहळही खरी आहे, हायसं वाटणंही खरं आहे, दोन्ही लिही,” असे त्या म्हणाल्या. त्या एवढ्यावर थांबल्या याचे मला थोडे असमाधान आहे, कारण दोन्ही लिहिले तरी कोणते आधी लिहायचे हे ठरवावेच लागते.

जवळीक कामातून येते, असे मानले तर पुढे एक अवघड वळण येते, आणि त्या व्याख्यानाच्या शेवटी ते एका मुलीने बोलून दाखवले. ती वेल्ह्याकडची, पीएचडी करणारी. तिने उभे राहून विचारले, “मॅडम, माझ्या आईनं गॅस घेतला, घरात नळ आला. आता ती रानात जात नाही. मग ती निसर्गापासून दूर गेली का? आणि गेली असेल, तर मला वाईट वाटायला हवं का?” सभागृहात थोडी चुळबुळ झाली. बाईंनी लगेच उत्तर दिले नाही. मग त्या म्हणाल्या की आईच्या फुप्फुसांना बरे वाटत असेल तर आधी आनंद मानू या. दूर जाण्याचा हक्क शहरातल्या पुरुषाने कधीचाच घेतला आहे आणि त्याला कोणी जाब विचारलेला नाही. पण गॅसची टाकी कुठल्या जमिनीतून येते, नळाचे पाणी कोणत्या गावावरून येते, ते अवलंबित्व संपलेले नाही, फक्त दिसेनासे झाले आहे. आणि रानाकडे पाहण्याचे काम आता कोणाकडे आहे, की कोणाकडेच नाही, हे शोधायला हवे. पूर्वी ते काम बायकांवर लादलेले होते म्हणून ते कामच नको, असे म्हणता येणार नाही. ते सगळ्यांत वाटून घ्यावे लागेल, पुरुषांतही, आणि त्याचे दाम मोजावे लागेल. हे कसे करायचे याचा आराखडा आपल्याकडे तयार नाही, असेही त्या म्हणाल्या. मला वाटते त्या मुलीचे पूर्ण समाधान झाले नाही. व्याख्यानानंतर चहाच्या टेबलाशी ती बाईंना गाठून बराच वेळ बोलत होती.

तीच मुलगी परवा बाईंच्या घरी भेटली. प्रबंधाचे पहिले प्रकरण आईच्या दिवसाच्या वेळापत्रकाने सुरू कर, गॅस येण्याआधीचे आणि नंतरचे, असे बाईंनी तिला सांगितले होते. तिने दोन तक्ते केले, गावी जाऊन आईला वाचून दाखवले, आणि आईने त्यांत दुरुस्त्या केल्या. सरपणासमोर लिहिलेला वेळ तिला कमी वाटला, कारण वाळत घालणे, फोडणे आणि पावसाआधी रचून ठेवणे मुलीने धरलेलेच नव्हते. दुसऱ्या तक्त्यात नळाचे पाणी येण्याची वाट पाहण्याला रकाना नव्हता. तो तिने घालायला लावला. आणि आताही ती आठवड्यातून एकदा वरच्या झऱ्यापर्यंत जाते, असे तिने सांगितले. कशासाठी, असे मुलीने विचारले. झरा बुजला तर कळायला नको का, असे ती म्हणाली. या जाण्याला तक्त्यात काय म्हणायचे, घरकाम, शेतकाम की आणखी काही, यावर बाई आणि ती मुलगी त्या दुपारी वाद घालत होत्या, आणि मी निघाले तेव्हाही त्यांचे एकमत झालेले नव्हते.